सोन्याचे नाणे की सोनेरी नाणे?

तुमच्या खिशात किंवा कंपासपेटीत पाच रुपयांचे पिवळे नाणे असेल तर ते जरा बाहेर काढा आणि उजेडात धरा. कसे चकाकते पाहा! लहान भावंडाला "हे सोन्याचे आहे" असे सांगितले तर घटकाभर त्याचा विश्वासही बसेल.

असेच एक पाच रुपयांचे नाणे भारत सरकारने २०१५ साली काढले. १९६५ च्या भारत-पाक युद्धाला त्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. त्या युद्धात लढलेल्या आपल्या सैनिकांच्या शौर्याची आणि बलिदानाची आठवण म्हणून नाण्याच्या एका बाजूवर अमर जवान स्मारकाचे चित्र घेतले आहे. सुवर्णमहोत्सवाचे नाणे, आणि रंगही सोन्यासारखा! पण त्यात सोने किती? कणभरसुद्धा नाही. आपल्या पिवळ्या पाच रुपयांच्या नाण्यात शंभर भागांपैकी ७५ भाग तांबे, २० भाग जस्त आणि ५ भाग निकेल असते. म्हणजे हे एक प्रकारचे पितळच.

आता दुसरे नाणे पाहू. २०११ साली अमेरिकेने आपल्या भूदलाच्या सन्मानार्थ तीन नाणी काढली. त्यांपैकी एक सोन्याचे होते. त्याच्या एका बाजूवर निरनिराळ्या काळांतील पाच सैनिक आहेत, दुसऱ्या बाजूवर भूदलाचे बोधचिन्ह. वजन ८.३५९ ग्रॅम, व्यास सुमारे २१.६ मिलिमीटर, आणि त्यात ९० टक्के सोने. २०२५ मध्ये तेथील मरीन दलाला अडीचशे वर्षे झाली, तेव्हाही असेच सोन्याचे नाणे निघाले.

एक नाणे सोनेरी, दुसरे सोन्याचे. दोन्ही पिवळी, दोन्ही चकचकीत, दोन्ही सैनिकांच्या सन्मानार्थ. मग नुसत्या डोळ्यांनी फरक कसा ओळखावा? हा प्रश्न मला एकदा पुस्तकातून नव्हे, तर लालबागच्या एका चाळीतून आला. ती हकीकत आधी सांगतो.

निळ्या डबीतले नाणे

आमच्या महाविद्यालयातून बारावी झालेली एक विद्यार्थिनी एके दिवशी आजीला घेऊन प्रयोगशाळेत आली. तिचे आजोबा कोकणातले. तरुणपणी मुंबईला आले आणि मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून जगभर हिंडले. एका परदेशी बंदरातून त्यांनी एक मोठे नाणे आणले होते. निळ्या मखमलीच्या डबीत ठेवलेले. एका बाजूला युद्धनौका, दुसऱ्या बाजूला नांगर आणि दोर. त्या देशाच्या नौदलाच्या सन्मानार्थ काढलेले ते नाणे होते. आजोबा वारले, पण घरात डबी राहिली. "अडीअडचणीला आजोबांचे सोन्याचे नाणे आहे," हे वाक्य त्या घरात वर्षानुवर्षे बोलले जात होते.

आता अडचण उभी राहिली होती. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता आणि पहिल्या वर्षाची फी भरायची होती. नाणे घेऊन दोघी गिरगावातल्या एका सोनाराकडे गेल्या. सोनाराने ते हातात घेऊन पाहिले आणि सरळ सांगितले, "वर घासून काही कळणार नाही. कडेला काप द्यावा लागेल." आजींनी नाणे परत डबीत ठेवले.

"सर, ह्याला कापायचं नाय हां," आजी मला म्हणाल्या. "विकायचं तर विकू. पण त्यांनी आणलेलं असं कापून-बिपून नको."

मुलगी म्हणाली, "सर, न कापता कळेल ना? नववीत आपण आर्किमिडीज शिकतोच की."

मला फार बरे वाटले. नववीतला धडा बारावीनंतर आठवणारे विद्यार्थी रोज भेटत नाहीत!

वजन पुरेसे नाही

आर्किमिडीज आणि राजाचा मुकुट ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. तिच्यातले मर्म मात्र नीट समजून घ्या. नुसते वजन करून वस्तूचा कस कळत नाही. एकतीस ग्रॅम सोने आणि एकतीस ग्रॅम तांबे तराजूत सारखेच भरतात. फरक असतो तो त्यांनी व्यापलेल्या जागेत. एक घन सेंटिमीटर शुद्ध सोन्याचे वस्तुमान १९.३ ग्रॅम असते, चांदीचे १०.५ ग्रॅम आणि तांब्याचे सुमारे ९ ग्रॅम. यालाच आपण घनता म्हणतो. सोने तांब्याच्या दुपटीहून अधिक घन आहे. म्हणजे तेवढ्याच वजनाचे तांबे दुपटीहून अधिक जागा अडवणार.

आता नाण्याचे आकारमान मोजायचे कसे? नाण्यावर जहाज आहे, अक्षरे आहेत, कडेला दाते आहेत, म्हणून पट्टी लावून ते बिनचूक निघणार नाही. येथे पाणी मदतीला येते. पाण्यात बुडवलेल्या वस्तूवर पाणी वरच्या दिशेने बल लावते आणि ते बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान एक ग्रॅम धरले, तर पाण्यात वजन जितके ग्रॅम कमी भरेल तितके घन सेंटिमीटर नाण्याचे आकारमान!

मुलीने नाणे आधी हवेत तोलले. ३१.१० ग्रॅम भरले. तराजूला हात लावण्यापूर्वी मी तिला म्हटले, "आता थांब. काय अपेक्षा आहे ते आधी कागदावर लिही, मग मोज."

तिने लिहिले ते असे:

नाणे शुद्ध सोन्याचे असेल तर वजनातील घट: ३१.१० ÷ १९.३ = १.६१ ग्रॅम.

बावीस कॅरटचे असेल तर (घनता सुमारे १७.६): ३१.१० ÷ १७.६ = १.७७ ग्रॅम.

तांब्याचे असेल तर (घनता सुमारे ८.९६): ३१.१० ÷ ८.९६ = ३.४७ ग्रॅम.

मग तिने नाण्याला बारीक धागा बांधला, ते पाण्यात सोडले, त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे मऊ कुंचल्याने काढले आणि पुन्हा वजन केले. २७.६० ग्रॅम. घट ३.५० ग्रॅम. घनता ८.८९.

ती काही बोलली नाही. बुडबुडे राहिले असतील म्हणून तिने नाणे बाहेर काढले, पुसले आणि पुन्हा मोजले. एकंदर तीन वेळा मोजले. घट कधी ३.४९, कधी ३.५१. सोन्याच्या १.६१ च्या जवळपासही नाही. शेवटी तिनेच आजीला सांगितले, "आजी, हे सोनं नाहीये. आत तांबं असणार. वर फक्त मुलामा आहे."

आजींनी विचारले, "म्हंजे ह्यांना फसवलं कोणीतरी?"

त्याचे उत्तर डबीतच होते. मखमलीच्या खाली घडी घातलेला एक जाड कागद होता. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापले होते: "चोवीस कॅरट गोल्ड प्लेटेड". म्हणजे चोवीस कॅरट सोन्याचा मुलामा दिलेले. विकणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. "गोल्ड" हा शब्द सगळ्यांनी वाचला, त्यापुढचा "प्लेटेड" हा शब्द मात्र कोणी वाचला नाही. आजोबांनीही नाही.

मुलामा आणि रंग

मुलाम्यात सोने असते किती? त्या नाण्याचा व्यास ३९ मिलिमीटर होता. दोन्ही बाजू आणि कड धरून पृष्ठफळ सुमारे २७.५ चौरस सेंटिमीटर होते. मुलाम्याची जाडी एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मानली तर सोन्याचे आकारमान ०.००२७५ घन सेंटिमीटर आणि वस्तुमान ०.०५३ ग्रॅम. फक्त ५३ मिलिग्रॅम! पुष्कळदा मुलामा याहूनही पातळ असतो.

एवढ्याशा सोन्याने सारे नाणे पिवळे कसे दिसते? कारण रंग हा पृष्ठभागाचा गुण आहे. सोन्यावर पडलेला प्रकाश आत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही शिरत नाही. निळा प्रकाश बराचसा शोषला जातो, तांबडा आणि पिवळा परत फिरतो. खाली तांबे आहे की सोने, याची प्रकाशाला वार्ताच नसते. म्हणून डोळा फसतो. सोनाराची कसोटीही वरवर फसू शकते. त्या काळ्या दगडावर नाणे हलके घासले तर पहिली रेघ मुलाम्याचीच उठते. गिरगावातल्या सोनाराने काप मागितला तो याच कारणासाठी. त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते.

सोन्यात हीण कशासाठी?

वर मी बावीस कॅरटची घनता १७.६ दिली. ती कोठून आली ते पाहू. कॅरट म्हणजे चोविसांपैकी किती भाग सोने ते. २२ भाग सोने आणि २ भाग तांबे असे मिश्रण घ्या. २२ ग्रॅम सोन्याचे आकारमान २२ ÷ १९.३ = १.१४ घन सेंटिमीटर, २ ग्रॅम तांब्याचे २ ÷ ८.९६ = ०.२२ घन सेंटिमीटर. एकूण २४ ग्रॅम आणि १.३६ घन सेंटिमीटर. भागाकार करा: सुमारे १७.६. येथे दोन धातू मिसळल्यावर आकारमानांची सरळ बेरीज होते असे आपण धरले. ते तंतोतंत खरे नसले तरी आपल्या कामापुरते पुरेसे आहे.

पण चांगल्या सोन्यात हे हीण घालायचेच कशाला? शुद्ध सोने फार मऊ असते. सोन्याचे अणू थरांनी रचलेले असतात आणि दाब पडला की हे थर एकमेकांवरून सहज घसरतात. त्यात तांब्याचे लहान अणू मिसळले की रचनेत ठिकठिकाणी खोडा बसतो, थर सहज सरकत नाहीत आणि धातू कठीण होतो. हातोहात फिरणाऱ्या नाण्याला हा कठीणपणा हवाच, नाहीतर चार वर्षांत राजाचे नाक झिजून जायचे!

याचे नामी उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेसमोर सरकारी टाकसाळ आहे. ती १८२९ साली स्थापन झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, या टाकसाळीत सोन्याची नाणी पाडली गेली: पंधरा रुपयांची मोहर आणि इंग्लंडचे सॉव्हरिन. आपले सराफ सॉव्हरिनला गिनी म्हणत, आणि "गिनी सोने" हा शब्द तुमच्या आजीने नक्की ऐकला असेल. या दोन्ही नाण्यांचे वजन ७.९८८ ग्रॅम आणि सोने बावीस कॅरट. मुंबईचे सॉव्हरिन ओळखायचे कसे? त्यावर घोड्यावर बसून अजगरासारख्या राक्षसी प्राण्याला मारणारा संत जॉर्ज आहे. त्याच्या खालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या वर, इंडियाचे आद्याक्षर "आय" बारीक उठवलेले असते. आजही मुंबईत पाडलेल्या चलनी नाण्यांवर सालाखाली एक छोटासा चौकटच्या आकाराचा ठिपका असतो. तुमच्या नाण्यावर आहे का ते भिंगातून बघा.

घनतेलाही चकवा

आता कोणी हुशार वाचक विचारील, घनता जुळली की नाणे सोन्याचे ठरले का? नाही! टंगस्टन हा धातू विजेच्या जुन्या दिव्यांच्या तारेमुळे तुम्हांला माहीत आहे. त्याची घनता जवळजवळ १९.३, म्हणजे अगदी सोन्याइतकी. आत टंगस्टन आणि वर सोन्याचा जाड थर असा माल आर्किमिडीजच्या परीक्षेत उत्तीर्ण होतो.

मग दुसरी परीक्षा घ्यावी लागते. ध्वनी सोन्यातून सेकंदाला सुमारे ३,२०० मीटर वेगाने जातो, टंगस्टनमधून सुमारे ५,२०० मीटर वेगाने. म्हणून श्राव्यातीत ध्वनीने आतला धातू ओळखता येतो. विजेला होणारा रोधही टंगस्टनमध्ये सोन्याच्या दुपटीहून अधिक असतो. क्ष-किरण टाकून धातू ओळखणारी यंत्रे आता झवेरी बाजाराच्या परिसरात सर्रास दिसतात. ती झटपट उत्तर देतात, पण मुख्यतः पृष्ठभागाजवळच्या पातळ थराचेच. लक्षात ठेवा, एक परीक्षा एका प्रश्नाचे उत्तर देते. घनता जुळली नाही तर "हे शुद्ध सोने नाही" असे खात्रीने म्हणता येते. घनता जुळली तर मात्र "सोने असू शकेल" एवढेच म्हणता येते. शास्त्रातल्या पुष्कळ परीक्षा अशाच असतात.

नाण्यावरचा आकडा

अमेरिकेच्या त्या सोन्याच्या नाण्यावर किंमत लिहिली आहे अवघी पाच डॉलर. त्यात सोने ८.३५९ च्या ९० टक्के, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅम. पाच डॉलरात इतके सोने जगात कोठेही मिळणार नाही. हे नाणे कायदेशीर चलन असले तरी दुकानात देण्यासाठी काढलेलेच नाही. ते संग्राहकांना सोन्याच्या भावाप्रमाणे जास्त किमतीला विकले गेले. शिवाय प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे ३५ डॉलर जास्त आकारले गेले आणि ते भूदलाच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी राखून ठेवले. ते संग्रहालय २०२० साली खुले झाले.

आपल्याकडे २०१५ सालीच भारत सरकारने अशोकचक्र असलेले चोवीस कॅरटचे सोन्याचे नाणे विक्रीला आणले. ते हातोहात फिरायचे नसल्यामुळे मऊ असले तरी चालते. सैनिकांची आठवण देणारे नाणे मात्र पितळेचे पाच रुपयांचे. त्यामुळे ते रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्या मावशींच्या आणि तुमच्याही हाती पडू शकते.

आणि आपला सर्वोच्च शौर्यसन्मान? परमवीरचक्र कोणत्या धातूचे असते सांगा पाहू. सोन्याचे नाही आणि चांदीचेही नाही. ते काशाच्या जातीच्या धातूचे, म्हणजे ब्राँझचे, जेमतेम ३५ मिलिमीटर व्यासाचे असते. मधोमध राष्ट्रचिन्ह आणि भोवती इंद्राची चार वज्रे. त्याची रचना सावित्री खानोलकर यांनी केली. जन्माने त्या युरोपातल्या, पण विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्या इथल्याच झाल्या. मोडीत घातले तर त्या धातूचे चार पैसे येतील. पण ते मोडीत घालण्याचा विचार कोणाच्या मनात येईल?

लालबागच्या आजींनीही काहीसे असेच केले. नाणे त्यांनी पदराने पुसले, डबीत ठेवले आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता विकायचा प्रश्नच मिटला." फीची तरतूद पुढे बँकेच्या शैक्षणिक कर्जातून झाली. डबी आजही त्या घरात आहे. फक्त तिच्यात प्रयोगाच्या नोंदींचा एक कागद वाढला आहे.

करून पाहा

तुम्हांला सोन्याचे नाणे नको. पाच रुपयांची दहा पिवळी नाणी घ्या, सगळी एकाच प्रकारची. वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी चालेल.

१. दहा नाण्यांचे एकत्र वजन करा. ६ ग्रॅमची नाणी असतील तर सुमारे ६० ग्रॅम भरेल. नवी जड नाणी असतील तर अधिक.

२. पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा.

३. नाणी बारीक धाग्याच्या जाळीत बांधून पाण्यात पूर्ण बुडतील अशी हातानेच टांगून धरा. ती तळाला किंवा बाजूंना टेकू देऊ नका. बुडबुडे राहू नयेत म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.

४. काट्यावर जो आकडा येईल तो ग्रॅममध्ये वाचा. तेवढे घन सेंटिमीटर नाण्यांचे आकारमान. पाणी नाण्यांना वर ढकलते, तर नाणी पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतात. न्यूटनचा तिसरा नियम आठवा.

५. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा.

उत्तर ८.५ च्या आसपास यायला हवे. का ते तांबे (८.९६), जस्त (७.१४) आणि निकेल (८.९) यांच्या घनता आणि वर दिलेले प्रमाण घेऊन स्वतः काढा. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाचे उत्तर फळ्यावर लिहावे आणि फरक का पडला यावर चर्चा घ्यावी. मात्र काट्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपली अपेक्षा कागदावर लिहून ठेवावी. मग उत्तर काहीही येवो, ते पुसायचे नाही.